वाट्याला आलेली कबर

आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात. नगरकडे रविवारी सकाळी "देवळात निघालो" म्हटलं की कुठल्या, ते आमच्या माणसांना सांगावं लागत नाही. चपला दाराबाहेर काढायच्या, डोक्यावरून पदर घ्यायचा, सतरंजीवर बायकांच्या बाजूला बसायचं आणि पेटीचा सूर लागला की गळा मोकळा सोडायचा. देऊळ शोधावं लागतं हे मला ठाऊकच नव्हतं. ह्यांची बदली कलकत्त्याच्या हापिसात झाली, शहरात भाडं परवडेना, म्हणून आम्ही बराकपूरला स्टेशनजवळ एका जुन्या बंगल्यातल्या दोन खोल्या घेतल्या. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. हे सकाळी सियालदाची गाडी पकडायचे ते दिवेलागणीला उगवायचे. शहरात तेव्हा कधी काय होईल याचा नेम नव्हता. भिंतीभिंतींवर नक्षलवाल्यांची लाल अक्षरं, आणि यांना जरा उशीर झाला की माझा जीव टांगणीला. दिवसभर घरात मी आणि पाळण्यातली मुलगी, दोघीच.

मला मुलीचा बाप्तिस्मा करून घ्यायचा होता, आणि तोही लवकर. घाई का होती ते सांगते.

हिच्या आधी मला एक मुलगा झाला होता. माहेरी, नगरला. फार दिवस जगला नाही. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, दौऱ्यावर होते, ते आले की बाप्तिस्मा करू असं सगळ्यांनी ठरवलं, आणि ते यायच्या आत तो गेला. आमच्या घराण्यात नाव बाप्तिस्म्यालाच उघड करायचं, तोवर नुसतं बाळ. तो बाळ म्हणूनच गेला. कबरस्तानात अगदी भिंतीकडेला, लिंबाखाली त्याला पुरलं. वर दगड नाही, क्रूस नाही. मला नेलंसुद्धा नाही, ओली बाळंतीण म्हणून. मी मनात नाव ठरवून ठेवलं होतं, ह्यांनाही सांगितलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "झालं गेलं, आता त्याचं नाव काढायचं नाही." कपाळ माझं! काढायला नाव होतं कुठे? हे त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. नंतरही कधी बोलले नाहीत, आणि मी त्यांच्यावर मनातून फार चिडलेली असायची.

बराकपूरला दुपारी सगळं चिडीचूप व्हायचं. मुलगी माझ्या कुशीत गाढ झोपलेली असायची आणि व्हरांड्याकडून तान्ह्या पोराचं रडणं यायचं. बारीक, भुकेलं. आधी वाटलं, शेजारचं कुणी असेल. शेजारी एक म्हातारे मास्तर आणि त्यांची कुमारी बहीण, तिथे पोर कुठलं! मांजर म्हणावं तर दार उघडून बघितलं की मांजर नाही. मी मुलीच्या तोंडापाशी हात धरून बघायची, ओठ मिटलेले. पण दूध मात्र मला दाटून यायचं, पदर ओला व्हायचा. हे मी कुणाला बोलले नाही. माझ्या मनाने एकच घेतलं, की तो बिननावाचा आमच्या दाराशी येऊन बसलाय आणि बहिणीला बरोबर घेऊन जाणार. रडणं आलं की मी उठून दाराची कडी तपासायची. हसा खुशाल. मला तेव्हा हसू येत नव्हतं. हिला नाव मिळालं, हिच्या कपाळाला पाणी लागलं, की हिच्यावर कुणाचा हात पडणार नाही, एवढंच मी धरून बसले होते.

आधी छावणीतलं मोठं देऊळ गाठलं. सवयीने दारात चपला काढून आत गेले, बघते तर सगळे बूट घालून बाकांवर! टोपीवाल्या एका म्हाताऱ्या मडमेला माझी उघडी पावलं बघून एवढं वाईट वाटलं की तिने हळूच विचारलं, चप्पल वाटेत तुटली का? ती अँग्लो-इंडियन माणसं वाईट नव्हती, पण अर्धे बाक रिकामे होते. ज्याचं त्याचं बिऱ्हाड ऑस्ट्रेलियाला चाललेलं. पाळक महिन्यातून एकदा यायचे. ते म्हणाले, बाळाच्या वतीने वचन द्यायला धर्ममाता आणि धर्मपिता हवेत, आणि ते इथल्याच मंडळीतले हवेत. आणू कुठून? बाजारात मिळतात होय? मग कॅथलिक मठातल्या सिस्टरांकडे गेले. त्यांनी मुलीचा मुका घेतला, मला चहा पाजला आणि सांगितलं की तुमचं वेगळं, आमचं वेगळं. कलकत्त्यातल्या मराठी बायका हळदीकुंकवाला आठवणीने बोलवायच्या, पण त्यांच्यापुढे हे काय बोलणार! मी घरी येऊन ह्यांच्यावर तोंडसुख घेतलं. "तुम्हाला काय, तुम्ही गाडीत बसून जाता."

शेवटी बाजारातल्या मासेवालीने माझ्या गळ्यातला क्रूस बघितला आणि हात लांब करून दाखवलं, तळ्यापलीकडे बंगाल्यांचा गिर्जा आहे, म्हणजे त्यांचं देऊळ. पत्र्याचं छप्पर, पिवळ्या भिंती, मागे कबरस्तान. तिथेही लोक चपला घालूनच बसलेले. मी मात्र काढल्या. माझ्या शेजारी एक म्हातारी होती, तिने माझ्याकडे बघितलं, आपल्याही वहाणा काढल्या आणि पाय माझ्या पायांशेजारी ठेवून बसली. सगळे तिला दीदिमा म्हणत, म्हणजे आजी. नवरा रेल्वेत असल्यामुळे तिचा जन्म बिहारात गेला होता, म्हणून तिला हिंदी येत होतं. मला ती "मा" म्हणाली. बंगाल्यांत पोरीबाळींनाही मा म्हणून हाक मारतात हे मला माहीत नव्हतं. माझे डोळेच भरून आले.

तिथले पाळक म्हणाले, बाप्तिस्मा आनंदाने करू, पण आधी मंडळीतले व्हा. मंडळीतलं व्हायचं म्हणजे काय, ते दीदिमाने समजावलं. मागच्या कबरस्तानात गोऱ्यांच्या पुष्कळ कबरी होत्या, नदीकाठच्या तागाच्या गिरण्यांमधल्या साहेबलोकांच्या. त्यांची माणसं केव्हाच विलायतेला निघून गेलेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्यांचा दिवस येतो. त्या संध्याकाळी सगळे आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, चुना लावतात, झेंडू आणि मेणबत्त्या ठेवतात. मग ज्यांचं कुणी नाही त्यांच्यापुढे अंधार कशाला? म्हणून त्या कबरी मंडळीतल्या घरांना वाटून दिलेल्या. नवं घर आलं की त्याच्या वाट्याला एक. तिच्यावर मेणबत्ती लावली की तुम्ही पाहुणे राहत नाही, घरचे होता. मला ते ऐकून फार बरं वाटलं. चला, एखाद्या साहेबाची कबर घासली म्हणून काय बिघडलं!

दीदिमाने मला हाताला धरून मागे नेलं. मोठमोठे दगड मागे टाकत ती पार टोकाला गेली आणि थांबली. भिंतीकडेला एवढीशी कबर. पाळण्याएवढी. दगडावर इंग्रजीत फक्त "तान्हा मुलगा" एवढं वाचता येत होतं. पुढे बापाचं आडनाव असणार, ते शेवाळाने खाल्लं होतं. मुलाचं नाव कोरलेलंच नव्हतं.

"ही तुझी," ती म्हणाली.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मुलगी कडेवर होती, तिला मी पदराखाली ओढली आणि तिथेच, मराठीत, तोंडाला येईल ते बोलले. "लाज नाही वाटत? लेकुरवाळ्या बाईच्या ओटीत मेलेलं पोर घालता? दुसरा दगड नव्हता तुमच्याकडे?" चुना कालवणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. मराठी कुणालाच येत नव्हतं, पण समजायचं राहिलं कुणाला! मी तरातरा घरी आले. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, दगड तर आहे नुसता." मी ताट त्यांच्यापुढे आदळलं. "तुम्हाला सगळं नुसतंच असतं!" ते मान खाली घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीदिमा सायकलरिक्षा करून घरी आली. मी पाणी दिलं आणि मुलीपाशी जाऊन बसले. तिने झोपलेल्या मुलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात व्हरांड्याकडून ते रडणं सुरू झालं. दीदिमाला कानाने कमी ऐकू यायचं, तिला ते आलं की नाही देव जाणे. पण माझा ओला होत चाललेला पदर तिला दिसला, आणि दाराच्या कडीकडे गेलेली माझी नजरही.

"थोरला कुठे आहे?" तिने विचारलं.

कुणी सांगितलं तुम्हाला, म्हटलं. ती म्हणाली, "कोण सांगणार? काल कळलं मला. जिचं काही गेलेलं नाही ती बाई एवढ्याशा दगडाला इतकी भीत नाही, मा."

मग मात्र मी रडले. पोट धरून रडले. भिंत, लिंब, दौऱ्यावरचे पाळक, ठरवून ठेवलेलं नाव, दारातलं हे रडणं, सगळं तिला सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. हा मुलीला नेईल याची भीती वाटते, तेही सांगितलं. तिने मला गप्प केलं नाही, वेडी म्हटलं नाही. उठताना एवढंच म्हणाली, "तो न्यायला आलेला नाही. हाक मारा म्हणतोय. कबर बदलून हवी असेल तर देते."

मी नको म्हटलं.

मेलेल्यांच्या दिवशी संध्याकाळी शेगड्यांच्या धुराने सगळं बराकपूर पांढुरकं झालं होतं. मी दगड घासला, नारळाच्या काथ्याने शेवाळ काढलं, चुना लावला. मुलीला शेजारी चटईवर ठेवलं होतं, माझा जीव तिच्यात आणि हात दगडावर. ओळीने मेणबत्त्या लागत गेल्या. माझी लागेना, काडी पेटली की विझत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी हाताचा आडोसा धरला. हे होते. सियालदाहून लवकर निघून, हापिसची पिशवी खांद्याला, थेट तिथे आलेले. बूट काढून अनवाणी उभे होते.

वात धरल्यावर मी ते नाव उच्चारलं. पहिल्यांदा, मोठ्याने. इथे ते लिहीत नाही.

"हेच ठेवलं होतंस?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"चांगलं आहे," म्हणाले. मी एवढी वर्षं ज्या माणसाला दगड समजत होते, तो गुडघ्यावर बसून चुन्यात हात भरून रडत होता.

त्यानंतर दुपारचं रडणं थांबलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. कधीकधी यायचं. फक्त मी कडी तपासायला उठायची नाही, पडल्या पडल्या हाक मारायची.

पुढच्या रविवारी मुलीचा बाप्तिस्मा झाला. दीदिमा धर्ममाता होती. पाळकांनी मुलीला हातात घेताना सहज विचारलं, "पहिलंच का?" जो विचारेल त्याला मी "हो" म्हणत आले होते, माझ्या तोंडात तेच आलं. पण माझ्या आधी हे बोलले. "दुसरं. थोरला मुलगा आहे." पाळक इकडेतिकडे बघत म्हणाले, मग त्याला नाही आणलंत? तेव्हा ह्यांनी खिडकीतून मागच्या कबरस्तानाकडे बोट केलं, भिंतीकडेच्या त्या चुना लावलेल्या दगडाकडे. नगर काही तिकडे नव्हतं. पण मी ह्यांना दुरुस्त केलं नाही.