इंग्रजीतून इंग्रजीत

इंग्रजी तिसरीतच माझी शाळा सुटली आणि सावंतवाडीकडून मी ठाण्याला आलो, एका गिरणीच्या रंगखात्यात बदली कामगार म्हणून. कायम झालो नाही तर परत जायचं, आणि परत जाण्यासारखं घरी काही उरलेलं नव्हतं. रोज सकाळी जाग यायची ती याच धाकधुकीनं.

खात्याचा साहेब स्कॉटलंडचा. तो काहीही बोलला की आम्ही ‘येस सर’ म्हणायचो आणि शेजारचा काय करतो ते बघून तसंच करायचो. पण कायम करण्याआधी साहेब एकेकाला समोर उभं करून स्वतः काम सांगतो, हे कळलं आणि माझी झोप उडाली.

ठाण्यातल्याच खोपटला, माझ्याच खोलीत गिरणीचे टाइमकीपर राहत, तंजावरकडचे. माझी अवस्था बघून ते रोज संध्याकाळी मला इंग्रजी शिकवू लागले. आधी गिरणीतले शब्द, मग वर्तमानपत्र. मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं, घागरीत खडे टाकावेत तसं. मीही त्यांच्याच चालीवर म्हणायचो. घरमालकीण बाहेरून टोमणा मारी, “आमचे घरान आता दोन मद्राशी झाले.” हळूहळू त्यांचं बोलणं मला समजू लागलं. वाटलं, आलं इंग्रजी.

मग माझी पाळी आली. साहेब बोलला आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. सगळं ओल्या सुतासारखं एकात एक गुंतलेलं. तो पुन्हा बोलला, सावकाश. तरी नाही. ‘येस सर’ अगदी जिभेवर आलं होतं; पण समोर रंगाचा उकळता हौद, वाफ सोडण्या-बंद करण्याची दोन चाकं, आणि पलीकडे हौदावर वाकलेला माणूस; चुकीचं चाक फिरलं तर तो भाजणार.

मी म्हणालो, “नो सर.”

हजेरी घ्यायला आलेले टाइमकीपर तिथेच होते. त्यांनी काय सांगितलं ते साहेबाला विचारलं आणि साहेबाचीच वाक्यं, शब्द न बदलता, इंग्रजीतच, पण आपल्या सुट्या चालीवर म्हटली. डावं चाक बंद कर, मगच कापड वर घे. मी तसं केलं.

साहेब आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग त्यांना काहीतरी म्हणाला. बाहेर आल्यावर मी घाबरतच विचारलं.

“बोलला, हा न समजता येस म्हणत नाही. ठेवा.”

खरं इंग्रजी साहेबाचं, आपलं उसनं, असं मला वाटे. पण टाइमकीपरनाही साहेब कळायला वर्ष लागलं होतं, आणि साहेबालाही ते कळायला तेवढंच.

आजही मी इंग्रजी बोललो की कुणीतरी विचारतं, तुम्ही मद्रासकडचे का? मी नाही म्हणत नाही.