घोषणेतलं 'शायद'

नोकरी सोडली की वेळ साठतो म्हणतात. माझ्याकडे किस्से साठले! डॉक्टरेट घेऊन वीस वर्षं प्रयोगशाळेत माती तपासली, सांगण्यासारखं काही घडलं नाही. हवामान बदलाच्या चळवळीत उतरलो आणि रोज एक किस्सा. अर्थ मात्र एकाचाही लागत नाही.

राजीनाम्याचं आईला सांगितलं, तर तिने विचारलं, "कुणी काढलं तुला?"

"मीच सोडली."

"वाह भिया! आधी मला पटव, मग इंदूरला पटव."

तिला पटवणं राहिलंय, आणि तेच जिवाला लागलंय.

*

राजवाड्यासमोर पहिलं आंदोलन. आम्ही पाच जण. फलक मी रंगवला होता : 'अगली गर्मी शायद और तेज़ होगी!'

आमच्यातली पल्लवी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "सर, घोषणेत 'शायद' कोण लिहितं?"

"शंभर टक्के खात्री कशी देणार?"

"मग आपण उन्हात का उभे आहोत?"

 

*

आई लोकांना सांगते, "तो आता मौसमचं काम करतो." झालं! तुकोगंजातल्या जोशीकाकांचा फोन : "डॉक्टर, पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न. लॉन घेऊ की हॉल?"

"काका, महिन्याचं नाही सांगता येत. पन्नास वर्षांनंतरचं विचारा."

"कमाल करतोस यार! तेव्हा कोणाचं लग्न आहे?"

*

कॉलनीत पत्रकं वाटत होतो. एका बाईंनी पूर्ण वाचलं, मान डोलावली, नीट घडी घातली. माझा ऊर भरून आला.

"भैयाजी, ये सूखे कचरे में जाएगा ना?"

कागद सुक्यातच जातो. मी हो म्हणालो.

*

होळी पेटल्याशिवाय माठ माळ्यावरून काढायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. आईने तो लग्नापासून पाळलेला. यंदा होळीला पंधरा दिवस असतानाच तिने माठ धुऊन दारापुढच्या ओट्यावर मांडला. समोरचे शर्माजी दारातून ओरडले, "काकीजी, होली तो बाकी है!"

"होली लेट है, भिया. गर्मी नहीं रुकी!"

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पटलं रे मला. कर तुझं काम."

वर्षभर या वाक्याची वाट पाहिली होती. डोळे भरून आले. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"आई, अधिक महिन्यामुळे यंदा होळीच उशिरा आहे. नुसत्या माठावरून काही सिद्ध होत नाही."

आईने ओले हात पदराला पुसले.

"मग ठेवू परत माळ्यावर?"