तीन पिशव्यांतली मांदेली

पनवेलच्या मासळीबाजारात उरणची एक कोळीण सुकी मासळी विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. वाटा देण्याआधी ती त्यातली एक मांदेली स्वतः चावून बघायची, मगच माझ्यापुढे सरकवायची. सोसायटीच्या लिफ्टमध्ये वास सुटू नये म्हणून मी तिला तीन पिशव्या बांधायला लावायचो. ती तोंड वाकडं करून गाठी मारायची.

मग कंपनीने मला कोरियाला पाठवलं. तिथे रस्त्यावरच्या एका गाडीवर काडीला टोचलेल्या माशांच्या वड्या रश्शात उकळत होत्या आणि सुटाबुटातली माणसं तो रस्सा कागदी कपातून फुंकून पीत होती. मीही तीन कप प्यालो. वास ओळखीचा वाटला. गाडीवालीला खुणेने विचारलं, तर तिने डावाने तळातले मासे वर काढून दाखवले. थेट आपली सुकी मांदेली!

परतल्यावर मोठ्या कौतुकाने मी हे कोळणीला सांगितलं. तिने कमरेवर हात ठेवले.

"आमचा माल भारी हाय, ह्ये समजाया तुमाला विमानान बसाया लागला?"

त्या दिवशी मी मांदेली एकाच पिशवीत घेतली. लिफ्टमध्ये शेजारी नाक मुरडून म्हणाले, "कसला हो हा वास?"

मी गाठ सोडून पिशवी त्यांच्यापुढे धरली.