डाव्या हाताला तेल

बिबड्या करायचा दिवस एकदा ठरला की तो पुढे ढकलता येत नाही. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, उपसायची, वाळवून दळायची, मग पहाटे चुलीवर मोठं पातेलं चढवून पिठाचा घाटा शिजवायचा. हा घाटा गरम आहे तोवरच थापता येतो, गार झाला की संपलं. त्यामुळे गल्लीतल्या सहा-सात बायका आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी असं करत सगळ्यांचे पापड उरकतात. आणि त्यात एक नियम आहे. ज्या घरचा घाटा, त्या घरच्या बाईने तो संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण माझ्या आईने तो आयुष्यभर पाळला, आणि तीन वर्षांपूर्वी त्यापायी ती जवळजवळ गेलीच होती.

आमचं गाव नंदुरबारहून तापी ओलांडून पाऊण तासावर. वडील गेल्यापासून आई घरात एकटी. भाऊ सुरतेला, आणि मी तळोद्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी मी गावी जायचे हे खरं, पण जायचे म्हणजे काय, तर वह्यांचा गठ्ठा घेऊन ओसरीत बसायचे. आई काही सांगायला लागली की वर न बघता हं हं करायचे आणि साडेपाचच्या एसटीने परत. मुलीचं कर्तव्य पार पाडल्याचं समाधान मात्र आठवडाभर पुरायचं.

त्या वेळी मी शनिवारीच पोचले होते, कारण बिबड्यांना ये म्हणजे ये, असा हुकूम होता. रविवारी सकाळी आठच्या सुमाराला मागच्या अंगणात नुसती गडबड होती. चार बायका ओल्या फडक्यांवर घाटा थापत होत्या, दोघी तयार बिबड्या खाटांवर पसरत होत्या. आई सहा वाजल्यापासून चुलीपुढे उभी राहून घाटा हाटत होती. घाटा हाटणं म्हणजे दांडक्याने ढवळणं, पण ते चहा ढवळण्यासारखं नसतं, खांदा उतरतो.

मी चहाचे कप गोळा करायला गेले तेव्हा आई भिंतीला टेकून खाली बसली होती. डावा हात मांडीवर धरलेला, कपाळावरून घाम टपटपत होता.

"काय झालं माय?"

"काही नई. सकायपासून घाटा हाटा ना, हात भरी उना."

पटलं मला. न पटायला काय होतं? दोन तास दांडकं फिरवल्यावर हात दुखणारच. चैत्राच्या उन्हात चुलीपुढे उभं राहिलं तर घाम येणारच. मी घरात गेले, तेल कोमट केलं आणि तिच्या शेजारी बसून खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायला लागले. तिने डोळे मिटले. मध्येच म्हणाली, छातीत जळजळ होते आहे, पहाटे रिकाम्या पोटी चहा घेतला म्हणून असेल. मी उठून ओवा आणून दिला आणि पुन्हा चोळायला लागले.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं. दरवर्षी आठवीच्या फळ्यावर मी हृदय काढते. एका बाजूला निळा खडू, एका बाजूला लाल. डाव्या हातात कळ जाते, दरदरून घाम सुटतो, छातीत जळजळ झाल्यासारखं वाटतं, हे मुलांकडून घोकून घेते. धडगावकडची घरी पावरी बोलणारी पोरंसुद्धा ते मराठीत धडाधडा म्हणतात. आणि त्यांची बाई आईच्या डाव्या हाताला चाळीस मिनिटं तेल लावत बसली होती.

ओळखलं ते काकूने. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ, भिंतीपलीकडे राहते. दोघींचा वर्षातून निदान आठ महिने अबोला असतो, पण बिबड्यांना न बोलतासुद्धा येते. शिक्षण दुसरी. थापणाऱ्यांपैकी एका नव्या सुनेने भाकरीएवढी जाड बिबडी थापली, उचलताना ती मधोमध फाटली, आणि आईने ते नुसतं बघितलं. एरवी तिने सुनेला तिथल्या तिथे झापलं असतं. काकूने हातातलं फडकं टाकलं, आईजवळ येऊन तिच्या गालाला उलटा हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"हाऊ घाम चूलना नई, पोरी. हिले दवाखानामा ली जा. आते."

"बाया येल शेतस, मी कशी जाऊ?" आई म्हणाली. "घाटा बाकी शे."

"घाटा मी दखी लेसू. तू ऊठ."

आई उठली नाही. उठेना म्हणजे उठेचना. पातेल्यात अजून निम्मा घाटा होता, दुसरं पातेलं शिजायचं होतं आणि तिच्या दारी बायका राबत होत्या. मी हात धरला तर झटकायला निघाली, तेवढंही बळ नव्हतं. काकूने वाद घातला नाही. ती सरळ चुलीपाशी गेली, आईचं दांडकं उचललं आणि पाठ फिरवून हाटायला लागली. दुसऱ्या बाईने आपल्या घाट्याला हात घातला हे बघून आईचा निग्रहच संपला. ती माझ्या खांद्यावर हात टाकून मुकाट उभी राहिली.

काकूच्या मुलाची पिकअप पपया भरून दारातच उभी होती. आईला मधे बसवून आम्ही निघालो. प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल येईपर्यंत आई बोलत होती. दुसऱ्या पातेल्यात मीठ घालायचं राहिलं आहे, काकूला फोन कर, तिला अंदाज नाही. मी फोन लावला. पुलानंतर ती गप्प झाली, आणि मीठ, तीळ, मिरची, काहीही बोल पण बोल, असं मी मनातल्या मनात म्हणत राहिले.

नंदुरबारच्या दवाखान्यात लगेच छातीला तारा लावल्या, ईसीजीची पट्टी काढली, ती बघून तरुण डॉक्टरांनी नर्सला हाक मारली. मग मला विचारलं, "दुखायला कधी सुरुवात झाली?"

"अर्धा तास झाला," मी म्हणाले.

खोटं बोलले. सरळ तोंडावर खोटं बोलले, कारण खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की इतका वेळ काय करत होतात. त्यांनी लिहून घेतलं. माझ्या हातांना तेलाचा वास येत होता. आई आत, मी दाराबाहेर, आणि मला कळत होतं की तिच्या जिवाचा हिशेब आता माझ्या त्या एका वाक्यावर चालला आहे. दोन मिनिटंही गेली नसतील, मी आत घुसले.

"डॉक्टर, अर्धा तास नाही. दीड तास तरी झाला. जास्तही असेल. मी हाताला तेल लावत बसले होते."

त्यांनी आकडा खोडून नवा लिहिला. मान वर न करता म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. तेल सगळेच लावतात."

त्या माणसाचं मी आजही भलं चिंतते.

गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत आईच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि तिचा पहिला प्रश्न घाट्याचा होता. संपला, काकूने स्वतः उभं राहून संपवला, हे कळल्यावर म्हणाली, "जाड थाप्या व्हतीन." म्हणजे जाड थापल्या असतील. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि हसता हसता रडले. पुढे सुरतेला नेलं, स्टेंट बसवला, भावाकडे महिनाभर राहून ती परत आली. गोळ्या वेळेवर घेते, गल्लीच्या टोकापर्यंत चालते, काकूशी पुन्हा भांडते. मजेत आहे.

मजेत नव्हते ती मी. डॉक्टरांना सांगितलं, पण आईला सांगितलं नव्हतं. शाळेत तो धडा आला की खडू हातातच राहायचा. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, तेव्हा एकदाचं बोलून टाकलं. मला कळायला हवं होतं. चाळीस मिनिटं मी नुसतं तेल चोळत बसले. तुला काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं.

तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"हात भरना नई, हाई माले तधळच समजनं व्हतं."

"तेव्हाच कळलं होतं, मग बोलली का नाहीस?"

"तू जोडे बठेल व्हती ना." तिने आणखी एक शेंग सोलली. "इतला येळ मन्हाजोडे तू कधी बठस? म्हनिसन मी बठी ऱ्हायनू."

मला भयंकर राग आला. मी ओरडले तिच्यावर. जीव जात होता आणि मी जवळ बसले आहे म्हणून गप्प राहिलीस, ही काय पद्धत झाली, असं होतं नव्हतं ते सगळं बोलले. इतकी ओरडले की भिंतीपलीकडून काकूने काय झालं म्हणून विचारलं. आई ऐकत होती आणि सोलत होती. ओरडून झाल्यावर घड्याळ बघितलं तर पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. एसटी गाठायची तर लगेच निघायला हवं होतं. मी पिशवीतून वह्या बाहेर काढल्या नव्हत्या, त्या तशाच राहू दिल्या, आणि सुपातल्या शेंगा माझ्याकडे ओढून तिच्या शेजारी बसले.