मधला तुकडा

रत्नागिरीच्या बाजारपेठेत माडीवर कंप्युटरचा क्लास आहे, तिथे मी केर काढते. शिकवणाऱ्या मॅडम मध्येच थांबून ओढणीने चष्मा पुसतात आणि वाक्यावाक्याला "कळलं काय गो?" विचारतात. मुली चुकल्या की म्हणतात, "कंप्युटर नव्या सुनेसारखा आहे. सांगाल तेवढंच करतो, मनातलं ओळखत नाही."

काल त्या नावाचे तुकडे करायला शिकवत होत्या. मोठ्या पडद्यावर त्यांनी स्वतःचंच पूर्ण नाव मराठीत लिहिलं होतं. तेवढ्यात त्यांचे यजमान दारात आले. "क्लास बंद कर म्हणून किती वेळा सांगायचं? आजपासून घरी बसायचं. चल!"

मॅडमनी वळूनही पाहिलं नाही. "जागा सुटते तिथे नाव तोडायचं," त्या नेहमीच्याच आवाजात मुलींना म्हणाल्या. "तीन तुकडे झाले. आता मधला काढा."

मधलं नाव यजमानांचं होतं. ते पडद्यावरून गेलं. माझ्या हातातला झाडू थांबला. मी तर लग्न झाल्यापासून आमच्या ह्यांचं नाव तोंडानेही घेतलेलं नाही.

एका मुलीने घाबरत विचारलं, "मॅडम, आडनाव?"

"ते पण त्यांचंच ना गो. काढ."

यजमान धाडधाड जिना उतरून गेले. मला वाटलं, आता तरी मॅडम खुर्चीत बसतील, रडतील. त्यांनी उरलेलं एकटं नाव वर्गातल्या मुलींच्या नावांच्या यादीत घातलं आणि म्हणाल्या, "हं, आता सगळ्या जणींना अक्षरांच्या क्रमाने लावा."