लाल टोपीची जोडी

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. लोकांचा राग म्हणे झोपेत उतरतो. माझा मुरतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे दाजींनी, एका पोळ्याला सगळ्यांदेखत मला अडाणी ठरवलं, आणि पुढचा पोळा येईपर्यंत मी ती गोष्ट रोज सकाळच्या चहाबरोबर ताजी करून घेतली.

मी केडगावात राहते. बंगला बांधून व्हायच्या आधी तो कसा दिसेल याची चित्रं संगणकावर करून देते. एक चित्र पुरतं तयार व्हायला मशीन तासन्‌तास दळत बसतं, म्हणून मला ते पळवायचं वेड लागलं. कंपनीनं नेमून दिलेल्या वेगाच्या वर यंत्र चालवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रोसेसर मी आधीच ताणला होता. आता रॅम, म्हणजे बोर्डावर खोचायच्या स्मरणाच्या पट्ट्या, राहिल्या होत्या, आणि दाजींचं तर नगरात कॉम्प्युटरचं दुकानच. घरचं दुकान सोडून बाहेर गेले असते तर ताईला वाईट वाटलं असतं, कारण काऊंटरवर तीच बसते.

मी दाजींना स्पष्ट सांगितलं होतं, "दोन पट्ट्या द्या, पण एकाच डब्यातली जोडी द्या. मला वेग वाढवायचाय." कारखान्यात ज्या दोन पट्ट्या एकत्र चालवून बघतात त्याच एका डब्यात भरतात, एवढं मला माहीत होतं. दाजी म्हणाले, "अगं, ही घे. लई फास्ट हाय, वरून लाईट बी लागती." लाल टोपी, म्हणजे धातूचं आवरण, घातलेल्या दोन पट्ट्या, एका डब्यात, डबा चिकटवलेला. लाईट लागली, हे खरं. माझ्या खोलीत लग्नाचा मांडव घातल्यासारखं वाटायचं.

नेमलेल्या वेगावर मशीन बरं चालायचं. वेग जरा वर नेला की चित्र निम्म्यात गोठायचं. एकदा तर मशीनच सुरू होईना. मी ते उचलून दुकानात नेलं. दाजींनी झाकणही न उघडता निकाल दिला, "जळालं." घरी आणून मी बोर्डावरचा छोटा सेल काढला, थोड्या वेळानं परत बसवला, तर मशीन आपलं गुमान सुरू झालं. सेटिंग अडकली होती, बाकी काही नाही.

पण आमच्याकडे बंद पडलेली कुठलीही वस्तू 'जळते', आणि हा शब्द साधा नाही. आमचं माहेर खर्ड्याचं. तिथं विहिरीवरची मोटार जळाली की पहिला प्रश्न एकच असतो, बटण कुणी दाबलं होतं? जळालं म्हटलं की जाळणारा शोधायचाच असतो. दाजींना हे चांगलं ठाऊक होतं. पोळ्याला आम्ही सगळे खर्ड्याला जमलो तेव्हा पुरणपोळीवर तूप ओतून घेता घेता ते म्हणाले, "मामा, तुमच्या धाकटीनं मशीन जाळलं. मी सांगत हुतो, त्या सेटिंगमध्ये बाईमानसानं जाऊ न्हाई." चुलते हसले, चुलत्या हसल्या. मी सांगू लागले, पण पंगतीत जावयाचं बोलणं खोडायचं नसतं. तेवढ्यात वडील, ज्यांनी मला सगळ्यांचा विरोध पत्करून संगणक शिकायला घातलं होतं, ताटाकडे बघत म्हणाले, "कळत न्हाई त्यात हात घालू न्हाई, पोरी."

दाजींचं बोलणं मी एखाद वेळी सोडलंही असतं. वडिलांचं हे वाक्य मात्र माझ्या घशात अडकलं. ते त्यांच्याच तोंडून मागं घ्यायला लावायचं, त्याच घरात, त्याच माणसांपुढं, हे मी तिथंच ठरवलं. वर्ष गेलं तरी चालेल.

वडील उभी हयात बैलांतले. आता गोठ्यात मोटारसायकल लागते, पण अजूनही बाजारात बैल बघायला माणसं त्यांना घेऊन जातात. लोक जोडी बघतात ती रंगावरून, शिंगांवरून, उंचीवरून. वडील तसं कधीच करत नसत. ते एकेका बैलाला नांगरटीतून एकट्याला चालवून बघायचे. "चाल एकट्याची बघावी, मग जू ठिवावं," हे त्यांचं म्हणणं. दोघांतला एक बसका निघाला तर दुसऱ्याला कितीही पिटाळा, नांगर बसक्याच्याच चालीनं जातो.

केडगावात परतल्यावर चौथ्या दिवशी हे मला आठवलं आणि मी कपाळावर हात मारला. इतके दिवस मी दोन्ही पट्ट्या एकदम लावून तपासत होते. एक काढली, एक ठेवली, तपासणीचा प्रोग्राम लावला. ती वाऱ्यासारखी सुटली. मग ती काढून दुसरी लावली. ती नेमलेल्या वेगावर कशीबशी टिकली आणि त्यावर बोटभर नेताच चुकांचा पाऊस पाडू लागली. मी केस वाळवायच्या यंत्रानं दोघींच्या टोप्या गरम केल्या, डिंक सैल झाल्यावर दोरा घालून अलगद सोलल्या. आत बघते तर काय! एकीच्या एकाच अंगाला काळ्या चिपा, आठ. दुसरीच्या दोन्ही अंगांना. बहिणी सोडाच, एका भावकीतल्यासुद्धा नव्हत्या. वरून टोप्या तेवढ्या एका दुकानाच्या.

मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. त्याच दिवशी फोन करता आला असता, पण मग दाजींनी फोनवरच गोड बोलून पट्ट्या बदलून दिल्या असत्या, आणि वडिलांचं वाक्य तिथल्या तिथंच राहिलं असतं. मी गप्प राहिले. दिवाळीला दाजींना ओवाळलं, सणावारी हसून बोलले. पाठीमागे त्या सोललेल्या पट्ट्या जुन्या पेढ्याच्या डब्यात जपून ठेवल्या.

आणि स्वतःसाठी जोडी निवडली ती वडिलांच्या डोळ्यानं. लाईट नको, टोपी ठेंगणी हवी, कारण वर पंखा बसतो. वेगाच्या मोठ्या आकड्यावर भुलायचं नाही, त्याच्या मागचे टायमिंगचे लहान आकडे बघायचे. दोन कामांच्या मध्ये पट्टीला किती दम खाऊ द्यावा लागतो, ते त्यात कळतं. कमी दम खाणारी पट्टी हवी. आत कुठल्या चिपा आहेत ते लोकांनी लिहून ठेवलेलं वाचलं, आणि पुण्याहून बंद डब्यातली एक साधी काळी जोडी मागवली. बत्तीसशे वेगाची होती. छत्तीसशेवर, टायमिंग सैल न करता, ती रात्रंदिवस तपासणीत एक चूक न करता चालली. आता मी भाकऱ्या थापून, जेवून, भांडी घासून परत येईतो चित्र तयार झालेलं असतं.

मग पोळा आला. पाटावर मातीचे बैल मांडले होते, हळदकुंकू लावून झालं होतं. चुलते होते, चुलत्या होत्या, दाजी भिंतीला टेकून पान जुळवत होते. मी पेढ्याचा डबा उघडला आणि दोन्ही पट्ट्या मातीच्या बैलांशेजारी ठेवल्या.

"आण्णा," मी म्हणाले, "ही दाजींनी मला दिलेली जोडी. तुम्ही बघा."

वडिलांनी चष्मा लावला. एक पट्टी उचलली, उलटी केली, ठेवली. दुसरी उचलली, उलटी केली. परत पहिली घेतली. मी एकेकीला एकटीला कसं चालवून बघितलं ते सांगितलं, कुठली सुटली, कुठली बसली तेही सांगितलं.

"पाव्हनं," वडील म्हणाले, "ही जोडी न्हाई."

दाजींचं पान हातातच राहिलं. "मामा, डबा कंपनीकडूनच तसा येतो. आपन थोडंच उघडून बघतो?"

तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून ताई बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "कंपनीनं कुठं? दोन सुट्या पट्ट्या घालून डबा मी चिकटवलाय. त्यांच्यावरचे नंबर येगळे हायेत म्हनून तुमाला दाखवलं बी हुतं. तुमीच म्हनला, रंग सारखा हाय ना, मग दे लावून."

एवढं तर मीही मागितलं नव्हतं. दाजींचा चेहरा उतरताना मी बघितला, अगदी पोटभर बघितला, आणि मला जराही लाज वाटली नाही. वडिलांनी चष्मा काढून खिशात ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. जावयाकडे बघून, मला म्हणाले होते त्याच आवाजात म्हणाले, "कळत न्हाई त्यात हात घालू न्हाई, पाव्हनं."

जावयाला असं बोलताना मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. वर्षभराचा घास माझ्या घशाखाली उतरला. त्या दिवशी मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

दुपारी मोरीवर ताई भांडी घासत होती. मी शेजारी बसून विसळायला लागले. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि मध्येच लक्षात आलं की हिला हे वर्षभर माहीत होतं. मागच्या पोळ्याला सगळे हसले तेव्हाही. मी म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिनं परात धुऊन पालथी घातली. "तुझं बरं हाय," ती म्हणाली. "तू बोलतीस आन् तुझ्या घरी जातीस."

बाहेर दाजींनी गाडी सुरू केली होती. हॉर्न दोनदा वाजला. ताईनं पदराला हात पुसले, आईला नमस्कार केला, आणि त्यांच्या मागं गाडीवर बसून नगरच्या वाटेला लागली.