लिलावातल्या ट्रकचा नारळ

शेजारी फाटकाला हिरवा ऑइलपेंट मारायलेत. तो वास नाकात शिरला की माझं डोकं आजही तापतं.

कित्येक वर्षांपूर्वी देवगाव फाट्यावर असाच वास मारत एक ट्रक उभा होता. मिल्ट्रीच्या लिलावातून निघालेला. ऊस वाहायला आम्ही घेणार होतो. रंग इतका ताजा की बोटाला चिकटायचा. आमच्या यांनी टायर दाबले, इंजिनाचा धूर बघितला. मी म्हटलं, "खाली वाकून चेसी बघा की. सगळा भार तिच्यावरच असतोय."

तेवढ्यात विकणाऱ्यानं पिशवीतून नारळ काढला. आम्ही नव्हे, त्यानं आणला होता! चाकापाशी फोडला, कुंकू लावलं आणि माझ्या हातावर खोबरं ठेवलं. "वैनी, मिल्ट्रीचा माल हाय. आन् पूजा झालेल्या गाडीला नावं ठेवू न्हाईत."

मी तरी वाकलेच. केसातल्या पिनेनं चेसीचा रंग खरवडला, तर गंजाचा भुगा तोंडावर पडला. तो मी यांच्या तळहातावर ठेवला.

हे म्हणाले, "आता नारळ फुटलाय. गप बस."

तेव्हा मला तो नारळ शुभ वाटला होता. आता कळतं, ते माझ्या तोंडाला लावलेलं बूच होतं.

पहिल्याच हंगामात भरल्या उसासकट ट्रक मधोमध वाकला. सगळं गाव म्हणालं, बाईनं पूजेनंतर खोट काढली, म्हणून असं झालं.

गंजाला कुणी एक शब्द बोललं न्हाई.